बैलांचा बांध

धाराशिव जिल्ह्यांत नळदुर्गास बोरी नदीवरील पाणीमहाल पाहतांना आम्हांस त्याच्या कर्त्यांचें कौतुक वाटतें. वाहतें पाणी त्यांनीं इ. स. १६१३ च्या सुमारास अडविलें. भूमीच्या पोटांतील पाण्यास मात्र निराळाच बांध होता : मोट ओढणाऱ्या बैलांची शक्ति. बैल थकले कीं विहिरीस विसावा मिळे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी व विजेचे पंप वाढले, ऊस फोफावला, आणि तो बांध फुटला. येथील काळ्या पाषाणाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत पाणी साठतें तें थोडेंच. मळ्यास दिलेल्या पाण्याचा कांहीं अंश पुन्हा मुरतो खरा. पण तें विहिरीचेंच असेल, तर ती नवी भर नव्हे, उचललेल्या ठेवींतील चार पैसे परत आले इतकेंच. पाऊस मुरवील तितकेंच उपसावें, हा बैलांनीं नकळत पाळलेला नियम आतां आम्हीं जाणून पाळला पाहिजे.