सिद्धरामेश्वर महाराज आणि विहंगम मार्ग

विश्वाला जाणणारा ‘मी’ कोण, या प्रश्नाचा आयुष्यभर शोध घेणारे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८-१९३६) यांचा जन्म सोलापूरजवळील पाथरी गावी झाला. इंचगिरी संप्रदायाच्या भाऊसाहेब महाराजांनी त्यांना नामध्यानाची साधना दिली. हा मुंगीच्या पावलांनी जाणारा पिपीलिका मार्ग. गुरूंच्या पश्चात त्यांनी विवेकाच्या बळावर झेपावणारा विहंगम मार्ग अंगीकारला. गुरुबंधूंना ते रुचले नाही, तरी ते मागे फिरले नाहीत. स्थूल, सूक्ष्म, कारण व महाकारण या चारही देहांचा निरास केल्यावर उरते तेच स्वस्वरूप, ही त्यांची शिकवण. त्यांचे शिष्य, मुंबईतील विडीविक्रेते निसर्गदत्त महाराज यांचे मराठी संवाद ‘आय अ‍ॅम दॅट’ या ग्रंथाद्वारे १९७३ मध्ये इंग्रजीत आले आणि पाथरीच्या सुपुत्राचा प्रश्न जगभरच्या जिज्ञासूंपर्यंत पोहोचला.