लिंबूटिंबू

परवा धाकटी नात अंगणात लपंडाव खेळत होती. सगळ्यांत लहान, म्हणून ती लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य येत नाही, पण तिला खेळातून कुणी काढतही नाही. बघता बघता मला माझा कवायतीचा तास आठवला.

साल १९७४. वालचंदशेटजींनी १९३०च्या दशकात आमच्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला, तेव्हापासून गाव भोंग्यावर चाले. माझा तास शिट्टीवर चाले. सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार! त्या वर्षी चौथीत ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा होता. पोलिओने त्याचा एक पाय अधू झालेला. रांग बिघडू नये म्हणून मी त्याला सगळ्यांच्या चपला राखायला बसवले. हंगामभर.

ही कवायत आली कुठून? स्वीडनच्या लिंग नावाच्या गृहस्थांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली. त्यांची हुकमी पद्धत इंग्लंडच्या शाळांत गेली आणि साहेबाबरोबर आपल्याकडे आली. एका मास्तरने साठ मुले एका जागी हलवायची, तर ती सोयीची. सोय मात्र मास्तरची!

आपल्याकडे वेगळा विचार करणारे नव्हते असे नाही. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी संस्था सुरू केली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, अनुताई वाघ सोबतीला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. मी हे सारे वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण मैदानात उतरलो की हातात शिट्टीच!

मला शिकवले ते पोरांनी. एकदा मधल्या सुट्टीत ती विषामृत खेळत होती. पाहतो तर तो मुलगा खेळात! लिंबूटिंबू म्हणून नव्हे, पुरा गडी म्हणून. पोरांनी आपसांत नियम केला होता, त्याच्या मागे धावायचे तर राज्य असणाऱ्याने लंगडी घालायची. तो हसत पळत होता आणि वर्गातला सगळ्यात चपळ पोरगा मागे लंगडत दमला होता. जे मला बी.ए. होऊन सुचले नाही, ते नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी कुणाला न विचारता केले.

पुढच्या वर्षी मी रांगा मोडल्या. जुने टायर, दोर, विटा मांडायच्या आणि सांगायचे, "इथून तिथे जा. कसे, ते तुझे तू ठरव." कुणी उडी मारी, कुणी सरपटे. पहिला-शेवटचा नंबर नाही. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांसाठी १९५२ मध्ये सरकारनेच 'मूव्हिंग अँड ग्रोइंग' हे पुस्तक काढून हीच वाट दाखवली होती, हे मला फार उशिरा कळले. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तर शाळेला मैदान हवे, खेळाचे साहित्य हवे, शिकणे बालकेंद्री हवे, असे स्पष्टच लिहिले आहे. पण कायदा मैदान देईल. चपलांपाशी बसलेले मूल मास्तरलाच दिसावे लागते.

मला ते दिसले तेव्हा हंगाम संपत आला होता. चार दिवसांनी कोप्या मोडल्या, टोळी गेली. त्याला माझ्या तासाला मैदानात घ्यायचे राहूनच गेले.