युद्धाचे नियम आणि बस्तरचा संघर्ष

रायपूर : राजधानीच्या पंडरी भागातील जुन्या बसस्थानकातून वर्षानुवर्षे बस्तरकडे गाड्या सुटत. सुमारे ३०० किलोमीटरवरील त्या जंगलपट्ट्यात जे घडले, ते युद्ध की कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न, यावर तेथील ग्रामस्थांना मिळणारे कायदेशीर संरक्षण अवलंबून आहे.

१९४९ चे चार जिनिव्हा करार मुख्यतः राष्ट्रा-राष्ट्रांतील युद्धांसाठी आहेत. देशांतर्गत संघर्षासाठी त्यांत कलम ३ हे एकच समान कलम आहे. लढाईत सहभागी नसलेल्यांची हत्या, छळ आणि ओलीस ठेवणे यांस ते मनाई करते. ही मनाई सरकारी दलांइतकीच बंडखोरांवरही बंधनकारक आहे. या कलमामुळे कोणत्याही गटाच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही, असे त्यातच नमूद आहे. तरीही बंडखोरांना प्रतिष्ठा मिळेल या भीतीने सरकारे ते लागू असल्याचे मान्य करण्यास कचरतात. भारताने माओवादी हिंसाचार हा अंतर्गत सुरक्षेचाच प्रश्न मानला. अंतर्गत संघर्षांविषयीच्या १९७७ च्या दुसऱ्या पूरक मसुद्याचा भारत पक्षकार नाही.

भारताने १९६० मध्ये जिनिव्हा करार कायदा केला. परंतु त्याआधारे नागरिकाला थेट न्यायालयात दाद मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये गोव्यातील धर्मगुरू मोंतेरो यांच्या खटल्यात स्पष्ट केले. तो निकाल सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचा. त्यांचे शालेय शिक्षण रायपुरातच झाले होते, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

त्यामुळे 'सलवा जुडूम'विरुद्धची लढाई राज्यघटनेच्या आधारे लढली गेली. नंदिनी सुंदर व इतरांच्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी व एस. एस. निज्जर यांनी निकाल दिला. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना दरमहा ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवाद्यांविरुद्ध उतरवणे, हे अनुच्छेद १४ व २१ चे उल्लंघन ठरले. राज्याने त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला. कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान नव्हे, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये यासंबंधीची याचिका निकाली काढली.

भूसुरुंगांबाबत स्थिती थोडी वेगळी आहे. ओटावा करारात भारत नाही. मात्र सुरुंग व छुपे स्फोटक सापळे यांवरील सुधारित मसुद्याला भारताने १९९९ मध्ये मान्यता दिली आणि तो अंतर्गत संघर्षालाही लागू होतो. जंगलात मोहफुले वेचण्यास गेलेल्यांच्या पायाखाली फुटणारा सुरुंग सैनिक आणि ग्रामस्थ असा भेद करत नाही. संघर्ष ओसरला तरी पेरलेली स्फोटके मातीतच राहतात. ती एकेक करून शोधावी लागतात.