लढाईच्या मोडीतला पैसा

ब्रिटनमध्ये एखाद्या गावच्या जुन्या बागेतलं बंद पडलेलं कारंजं पुन्हा थुईथुई उडू लागतं, तेव्हा जवळपास बहुधा एक पाटी दिसते. पाटीवर एकमेकांत अडकवलेली दोन बोटं. नशीब आजमावणाऱ्याची ही खूण म्हणजे तिथल्या राष्ट्रीय लॉटरीचं बोधचिन्ह. जीर्णोद्धाराचा पैसा तिकिटांतून आला, एवढाच त्या पाटीचा अर्थ. पण या अनुदानाचं कूळ जुगाराचं नाही, लढाईचं आहे.

1946 साली अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी लष्कराचं शिल्लक सामान विकून आलेल्या पैशातले 5 कोटी पौंड बाजूला काढले आणि ‘नॅशनल लँड फंड’ उभा केला. युद्धात पडलेल्यांचं स्मारक म्हणून दगडी खांब नकोत, देशातल्या सुंदर जागाच लोकांच्या होऊ द्या, ही कल्पना. रीत साधी होती. वारसाकर भरायला पैसे नसतील तर घर-जमीन द्यायची, करखात्याची भरपाई फंडातून व्हायची. कॉर्नवॉलमधला ‘कोटील’ नावाचा वाडा 1947 मध्ये असाच वारसा जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आला.

आडात पाणी होतं, पण पोहरा अर्थखात्याच्या हातात. खर्चाला मंजुरी देणारे तेच, आणि पैसा पडून आहे म्हणून 1957 मध्ये फंड 1 कोटीवर आणणारेही तेच! दरम्यान 1953 च्या कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीला थेट अनुदान सुरू झालं होतं. बागेला मात्र इमारतीचा पदर धरूनच यावं लागे. स्वतःच्या नावावर पैसे मिळायला तिला 1974 उजाडलं.

मग आलं मेंटमोअर. बकिंगहॅमशरमधला हा रॉथ्सचाइल्डांचा प्रासाद जोसेफ पॅक्स्टनने बांधलेला. पॅक्स्टन मूळचा माळी, पुढे क्रिस्टल पॅलेसचा कर्ता. आतल्या खजिन्यासकट सगळं 20 लाख पौंडांत घ्या, असं वारसदार म्हणत होते. लँड फंडात याच्या कितीतरी पट रक्कम शिल्लक असताना सरकारने नाही म्हटलं. 1977 च्या मे महिन्यात लिलाव झाला आणि नुसत्या सामानाचेच 60 लाखांवर आले. एक चित्र भलत्याच चित्रकाराच्या नावावर 8 हजारांत गेलं. ते निघालं फ्रागोनारचं, आणि नॅशनल गॅलरीला नंतर कितीतरी जास्त पैसे मोजून घ्यावं लागलं. रिकामा प्रासाद पुढच्या वर्षी आपल्या महर्षी महेश योगींच्या संस्थेने घेतला. मला हा कथेतला सर्वांत गमतीचा भाग वाटतो. ब्रिटिश करदात्याला तो तसा वाटला नसणार.

एवढी शोभा झाल्यावर 1980 मध्ये कायदा आला. लँड फंड मोडून ‘नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंड’ झाला आणि त्याचा कारभार अर्थखात्याकडून काढून स्वतंत्र विश्वस्तांकडे दिला. देशासाठी मेलेल्यांचं हे स्मारक, असं कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. 1994 मध्ये लॉटरी निघाली, तेव्हा तिच्या पैशातला वारशासाठीचा वाटाही याच विश्वस्तांच्या ओंजळीत पडला.

दोनच वर्षांत त्यांनी शहरांतल्या सार्वजनिक बागांसाठी वेगळी योजना काढली. कारंजी, बँडस्टँड, फुलांचे ताटवे यांच्या जोडीने या कामांत लोखंडी कुंपणंही पुन्हा उभी राहिली. मूळची कुंपणं दुसऱ्या महायुद्धात कापून नेली होती, लढाईला लोखंड हवं म्हणून.