‘अमर्याद’ या शब्दाची मर्यादा

अन्नछत्रांत जेवून वर मिरपूड मागणाऱ्यास आपल्याकडे म्हणीनेंच कायमचें नांव ठेवलें आहे. परंतु छत्राच्या दारावर ‘वाटेल तितकें न्या’ अशी पाटी यजमानानेंच लावली, आणि लोक नेऊं लागतांच ती उतरविली, तर दोष कोणाचा? इंटरनेटवरील फुकट सेवांचा इतिहास पाहतांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं. आणि ज्या कुटुंबांनीं मुलाबाळांचीं छायाचित्रें या सेवांच्या स्वाधीन केलीं आहेत, त्यांच्या दृष्टीनें तो केवळ तात्त्विकहि नाहीं.

१ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल ही टपालसेवा जाहीर करून प्रत्येकास १ गिगाबाइट जागा विनामूल्य देऊं केली. हॉटमेल तेव्हां २ व याहू ४ मेगाबाइट जागा देत असे. त्यामुळें पुष्कळांस ही एक एप्रिलची थट्टाच वाटली. ती थट्टा नव्हती, चढाओढ होती. २००७ सालीं याहूनें टपालाच्या जागेची मर्यादाच काढून टाकली. मे २०१५ मध्यें गूगल फोटोज ही सेवा निघाली, व १६ मेगापिक्सेलपर्यंतचीं छायाचित्रें कितीहि ठेवण्याची मुभा मिळाली. या औदार्यामागें एक साधा हिशेब होता: साठवणुकीचा खर्च उतरत जाईल, आणि बहुतेक पाहुणे पोटापुरतेंच जेवतील.

हा हिशेब प्रथम कोठें चुकला तें मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणावरून दिसतें. ऑक्टोबर २०१४ मध्यें तिनें ऑफिस ३६५ च्या वर्गणीदारांस, जादा मोल न घेतां, वनड्राइव्हवर अमर्याद जागा देऊं केली. वर्षभरानें, नोव्हेंबर २०१५ मध्यें, ती सवलत मागें घेतली. कांहीं थोड्या लोकांनीं अनेक संगणकांच्या नकला व चित्रपटांचे संग्रह तेथें ठेवले, कोणीं ७५ टेराबाइटांवर, म्हणजे सरासरीच्या १४,००० पट जागा व्यापली, असें कारण कंपनीनें दिलें. येथें मिरपूड मागणारे होते यांत शंका नाहीं. परंतु त्याच घोषणेनें ज्यांचा कांहींच अपराध नव्हता त्या फुकट वापरणारांची जागाहि १५ वरून ५ गिगाबाइटांवर आणली. ओरड झाली, डिसेंबरांत कंपनीनें क्षमा मागितली, आणि जे मुदतींत मागणी करतील त्यांची जागा कायम ठेवली.

गूगल फोटोजची गोष्ट याहून बोधप्रद आहे. नोव्हेंबर २०२० मध्यें तिच्यापाशीं ४ लाख कोटींहून अधिक छायाचित्रें जमलीं होतीं व दर आठवड्यास २,८०० कोटींची भर पडत होती. हा कांहीं मूठभर लोभ्यांचा उद्योग नव्हे. सामान्य माणसांच्या सामान्य वापराची ती बेरीज होती. १ जून २०२१ पासून नवीं छायाचित्रें १५ गिगाबाइटांच्या मर्यादेंत मोजलीं जाऊं लागलीं. आधीं ठेवलेलीं मात्र त्यांत धरलीं नाहींत, आणि सहा महिन्यांहून अधिक पूर्वसूचना दिली, हें नमूद केलें पाहिजे.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, सामायिक कुरण प्रत्येकाच्या हावेनें उजाड होणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं १९९० च्या आपल्या ग्रंथांत जगांतील कितीतरी कुरणें, पाटबंधारे व मासेमारीचीं क्षेत्रें दाखवून दिलीं, जीं शतकानुशतकें टिकलीं. या कार्यासाठीं त्यांना २००९ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तीं टिकलीं, कारण तेथें सीमा ठाऊक होत्या, नियम करण्यांत वापरणारांचा हात होता, आणि चुकणारास पायरीपायरीनें दंड होता. ‘अमर्याद’ सेवेंत यांतलें कांहींच नसतें. सीमा असते, पण ती यजमानाच्याच मनांत. नियम तोच करतो व तोच मोडतो. आणि दंड होतो तो सर्वांस एकदम.

म्हणून न्याय्य वापराचें ओझें एकट्या घेणाऱ्याच्या माथीं मारणें योग्य नव्हे. घेणाऱ्यानें घरगुती देणगीवर व्यापार थाटूं नये, आणि जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची एक प्रत आपल्या घरीं ठेवावी. देणाऱ्यानें आंकडा सांगावा. ‘१५ गिगाबाइट’ हे शब्द ‘अमर्याद’पुढें कृपण दिसतात खरे, पण त्यांवर विसंबून मनुष्याला आपली व्यवस्था लावतां येते.