वज्र आणि चमस : काडतुसाच्या पितळेची कथा

आपल्या ज्ञातीस ज्या त्वष्ट्याचे नाव लाभले आहे, त्याची ऋग्वेदातील ख्याती दुहेरी आहे. इंद्राच्या हाती वज्र दिले ते त्याने, आणि देवांच्या सोमपानाचा चमस घडविला तोही त्यानेच. शस्त्र आणि भांडे ही एकाच कारागिराची अपत्ये होत, हा विचार आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. अर्वाचीन काळात हे नाते ज्या एका क्षुद्र वस्तूत स्पष्ट दिसते, ती म्हणजे रायफलीच्या काडतुसाची, बार उडून रिकामी झालेली पितळी पुंगळी. तिचा इतिहास ज्ञातिबांधवांस रंजक वाटेल आणि धंद्यात असणाऱ्यांस उपयोगीही पडेल, अशा समजुतीने हा लेख सादर केला आहे.

काडतूस मुळात पितळेचे नव्हते. १८५७ साली ज्या काडतुसांवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, ती कागदाची होती. शिपायाने काडतूस दातांनी फोडावे आणि आतील दारू नळीत ओतावी, अशी रीत होती. पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या. १८६६ च्या सुमारास इंग्रजांच्या स्नायडर बंदुकीसाठी बॉक्सर नामक लष्करी अधिकाऱ्याने पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी तयार केली. हीच तऱ्हा मार्टिनी-हेन्री बंदुकीतही चालली. परंतु १८८५ च्या सुदानच्या मोहिमेत अशा पुंगळ्या ऐन लढाईत बंदुकीत अडकून बसू लागल्या. तेव्हा एकसंध ओढीव पितळेची पुंगळी इंग्रजी फौजेत रूढ झाली. १८८८ साली आलेले ‘थ्री नॉट थ्री’चे काडतूस याच घडणीचे होय.

या कामी ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त अशा प्रमाणाची पितळ वापरतात. बार होताच पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या मागील भागास घट्ट बसते, त्यामुळे तप्त वायू मागे येत नाही. लगोलग ती किंचित आकसते व सहज बाहेर निघते. ताणले जाणे आणि पुन्हा सावरणे हे दोन्ही गुण या पितळेत उत्तम एकवटले आहेत.

तिची घडण तर आपल्या ओळखीचीच आहे. पत्र्यातून चकती कापावयाची, चकतीची वाटी करावयाची आणि ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा ओढून लांब करावयाची. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होते. म्हणून दर खेपेस तिला ताव देऊन नरम करावे लागते व आम्लात धुवावे लागते. चकतीपासून भांडे उठविणारा तांबटही ठोके, ताव आणि चिंचेचे पाणी हाच क्रम पाळीत आला आहे. यंत्राने वेग वाढविला. धातूचा स्वभाव काही बदलला नाही.

या स्वभावाचा एक चमत्कारिक अनुभव इंग्रजांस हिंदुस्थानातच आला. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठविलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांस आपोआप तडे जाऊ लागले. कोणी हात लावला नव्हता, की कोणी ती झाडली नव्हती. या व्याधीस ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतुमानाने पडणारा तडा, असे नाव पडले. तिचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा हे बाहेरचे कारण होते. आणि ओढकामात पितळेच्या अंगी शिल्लक राहिलेला ताण हे आतले कारण होते. दोन्ही एकत्र आली की धातू फाटे. उपायही साधाच निघाला. घडण पुरी झाल्यावर पुंगळीस सुमारे २५० ते ३०० अंशांचा सौम्य ताव दिला की कणखरपणा न जाता ताण तेवढा निघून जातो. भांडे घडविणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण ताणलेल्या पितळेस लोटा काय आणि काडतूस काय, भेद ठाऊक नाही.

आपल्याकडे या उद्योगाचे मोठे केंद्र म्हणजे १८६९ साली स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना. त्याच्या जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे असत. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत मठाराचे ठोके पडत होते, आणि तेथून थोड्याच अंतरावर खडकीत त्याच जातीचा धातू काडतुसासाठी ओढला जात होता. २०२१ साली सरकारी आयुध निर्माण्यांची फेररचना झाली, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला.

आता झाडलेल्या पुंगळीचे पुढे काय होते, ते पाहू. तिला दोन वाटा आहेत : पुन्हा भरणे किंवा वितळविणे. अमेरिकेत हौशी नेमबाज पुंगळ्या पुन्हा भरतात, कारण तेथे प्रचलित असलेली बॉक्सर पद्धतीची टोपी एकाच मधल्या छिद्रातून सळईने ढकलून काढता येते. थ्री नॉट थ्रीच्या लष्करी काडतुसांस बहुधा बर्डन पद्धतीची टोपी असे. तिच्या खाली दोन बारीक छिद्रे असल्याने ती काढणे जिकिरीचे होते. गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. पण प्रत्येकाची युक्ती परमुलखात अधिक रुजली. शिवाय जुन्या टोपीत पाऱ्याचे संयुग असे. बार होताच तो पारा पितळेत शिरे व तिला ठिसूळ करी. पहिल्या महायुद्धात तोफांच्या मोठ्या पितळी पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरीत. काहींपासून सैनिकांनी फुलदाण्या आणि रक्षापात्रेही घडविली. रायफलीच्या लहान पुंगळीच्या नशिबी मात्र बहुधा मूसच असे.

थ्री नॉट थ्रीच्या एका पुंगळीचे वजन सुमारे ११ ग्रॅम; म्हणजे किलोस ९० च्या आसपास पुंगळ्या चढतात. पितळ चांगली, प्रमाण ठरलेले. मोड म्हणून याहून उत्तम माल विरळा. परंतु जस्त ९०७ अंशांस उकळते आणि ही पितळ वितळण्यास त्याहून थोडी अधिक उष्णता लागते. त्यामुळे जस्ताचा पांढरा धूर होऊन घट येते. ती ताजे जस्त घालून भरून काढावी लागते. तो धूर छातीत गेला की ताप भरतो. टोपीच्या अवशेषांत शिसेही असते, म्हणून असा माल भांड्यासाठी बिनपारख वापरणे योग्य नव्हे.

याहूनही मोठा धोका निराळाच आहे. रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगात एखादे जिवंत काडतूस असले, तर भट्टीच बंदूक बनते. २००४ साली गाझियाबादजवळील एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातून आलेले तोफगोळे फुटून १० कामगार प्राणांस मुकले. गोळीबाराच्या मैदानांलगत पोटासाठी धातू वेचणारे गोरगरीबही न फुटलेल्या गोळ्यांनी दगावले आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याच्या सुट्या भागांचाही समावेश केला आहे. फौजेत आणि पोलिसांत रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात, त्या उगीच नव्हे.

स्टेनलेस स्टीलने आपल्या धंद्याचा मोठा भाग नेला आहे. ज्यांनी अजून ऐरण सोडलेली नाही, त्यांस स्वस्त मोडीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि कोणी गोणीभर पुंगळ्या दारात आणून टाकल्या, तर भाव विचारण्यापूर्वी त्या कोठून आल्या हे विचारावे. सरकारी लिलावाचा कागद नसलेला, ठेचून चपटा न केलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. चार पैशांच्या लाभासाठी कोण्या वेचणाऱ्याचा जीव आणि आपल्या घरची भट्टी धोक्यात घालणे त्वष्ट्याच्या वंशजांस शोभणारे नाही. आणि आपल्या मुलांपैकी ज्यांस शाळेत रसायनाची गोडी लागली असेल, त्यांस धातुशास्त्राकडे अवश्य वळवावे. तबेल्यातील तडे ज्या शास्त्राने उलगडले, त्याची बाराखडी त्यांच्या आज्यापणज्यांनी ठोक्याठोक्याने गिरवलेली आहे.