शहागडच्या मुलखातील जमीन : सालारजंगांच्या बंदोबस्तापासून कूळकायद्यापर्यंत

गोदावरीकाठचे शहागड आज जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात असले, तरी निजामी राजवटीत हा सारा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि एखादी व्यवस्था सुधारणे व ती मुळापासून पालटणे यांतील अंतर या मुलखाच्या महसुली इतिहासात स्वच्छ दिसते. 1853 मध्ये पहिले सालारजंग निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे दिवाण झाले, तेव्हा वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि त्यावर रयतेकडून जेवढे काढता येईल तेवढे स्वतःसाठी काढी. सालारजंगांनी ही पद्धत मोडून 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडून तेथे पगारी अधिकारी नेमले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यातील जमिनीची मोजणी व प्रतवारी होऊन सारा ठरू लागला. आपले देणे किती, हे खातेदाराला आधी कळणे हा मोठाच दिलासा होता, आणि त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

तथापि जमीन कोणाची, या प्रश्नाला या बंदोबस्ताने हात घातला नाही. निजामाच्या खासगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख, पायगा म्हणजे बड्या सरदार घराण्यांना दिलेले मुलूख, आणि जागिरी यांचा कारभार वेगळाच राहिला, आणि सरकारी गावांतही बटाईने किंवा खंडाने कसणारे कूळ खातेदाराच्या मर्जीवरच जगत राहिले. 1945 च्या असामी शिकमी कायद्याने अशा पोटकुळांपैकी काहींच्या वहिवाटीला संरक्षण दिले, मालकी मात्र दिली नाही. सुधारणा जिथवर जाऊ शकत होती, तिची ही सीमा होती.

ती ओलांडली गेली ती सप्टेंबर 1948 मध्ये संस्थानावरील निजामाची सत्ता संपल्यानंतर. ऑगस्ट 1949 मध्ये जागिरी रद्द झाल्या, आणि 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा वर्ग निश्चित केला; पुढे त्याच कायद्यात घातलेल्या 38-ई कलमाने अशा कुळाला ठरावीक मर्यादेपर्यंत जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी केली. जमीन कसणारा आणि तिचा धनी यांचे नातेच येथे बदलले.

हे परिवर्तन उभे राहिले ते मात्र दप्तरावर, आणि ज्याचे नाव नोंदवहीत नव्हते त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाही. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हैदराबादच्या जमीनसुधारणांच्या अभ्यासात असे आढळले की अनेक संरक्षित कुळांच्या हातून जमीन गेली होती, आणि त्यांतील काहींनी ती कागदोपत्री राजीखुशीने सोडली होती. ज्याच्याकडून बियाणे आणि कर्ज घ्यायचे त्याच्याच विरुद्ध हक्क सांगावा लागत असेल, तर त्या राजीखुशीवर विश्वास ठेवणे कठीण आहे. रोजाने राबणाऱ्या शेतमजुराचा तर या कायद्याने कूळ म्हणून विचारच केला नाही. आजही मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकात, म्हणजे शेतवार घेतलेल्या नोंदीत, कब्जेदार म्हणून कोणाचे नाव आहे हे पाहिले जाते.